पेठेतली गाळ्यांची इमारत गुंतवणूकदाराला विकताय? या चुका टाळा

गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड. सांगलीच्या या भागात खाली आठ-दहा गाळे आणि वर ऑफिसं अशी इमारत ज्या घराकडे आहे, त्या घरात विक्रीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "आपल्या जागेला गिऱ्हाईक काय कमी?" कमी नसतंच. चहा पिऊन, जिना चढून, गच्चीवरून पेठ बघून जाणारे भरपूर येतात. विसार देणारा एखादाच निघतो. आमची वडिलार्जित इमारत विकायला पावणेतीन वर्षं लागली आणि त्यातली दोन तरी आमच्याच चुकांमुळे गेली. त्या चुका नावानिशी लिहितो.

भाव जागेचा सांगितला, भाड्याचा नाही

आपण भाव काढतो तो शेजारची इमारत कितीला गेली यावरून. चौरस फुटाचा दर, गुणिले क्षेत्रफळ, वर थोडी आजोबांची पुण्याई. ज्याला स्वतःचं दुकान थाटायचंय त्याला हा हिशोब पटतो. गुंतवणूकदार दुसऱ्या टोकाकडून येतो. भाडं किती येतं, हा त्याचा पहिला प्रश्न. त्यातलं कागदावर किती, हा दुसरा.

समजा दहा गाळे आहेत आणि सरासरी भाडं महिना १२,००० आहे. वर्षाचे १४ लाख ४० हजार झाले. घरपट्टी, दुरुस्ती, राखणदार आणि एखादा गाळा तीन-चार महिने रिकामा राहणार हे धरून २ लाख ४० हजार वजा करा. हातात १२ लाख. त्याला ७ टक्के परतावा हवा असेल, तर त्याच्या लेखी इमारतीची किंमत १ कोटी ७१ लाखांच्या आसपास. तुम्ही मागताय ४ कोटी, म्हणजे त्याला ३ टक्के. तेवढ्यासाठी तो भाडेकरू कशाला सांभाळेल? बँकेत ठेव ठेवेल आणि निवांत झोपेल.

ही दरी "लोकेशन बघा हो" म्हणून भरत नाही. भाडं बाजारभावाच्या निम्म्यावर असेल, तर ते वाढवायचा कायदेशीर रस्ता काय, हे दाखवावं लागतं. पाडून बांधण्यात फायदा असेल, तर समोरच्या रस्त्याच्या रुंदीला किती बांधकाम मिळेल याचा वास्तुविशारदाकडून काढलेला कागद पुढे ठेवावा लागतो. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. आमच्याकडे होता आत्मविश्वास.

म्हणून जाहिरात द्यायच्या आधी भाड्याचा तक्ता करा. गाळा नंबर, चटई क्षेत्र, भाडेकरू, कराराची तारीख आणि मुदत, अनामत, भाडं, वाढ, थकबाकी. अनामतीचा रकाना विसरू नका. ती रक्कम पुढे नव्या मालकाला परत करावी लागणार, त्यामुळे तो ती किमतीतून कापतोच. आम्हाला हे विसार घेतल्यावर कळलं.

"गाळे मी खाली करून देतो"

हे वाक्य बोलू नका, आणि साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्री करारात, तर मुळीच लिहून देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा आहे आणि ३१ मार्च २००० पासून लागू आहे. जुन्या पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर राहिलेल्या भाडेकरूला त्यात भक्कम संरक्षण आहे. मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते, पण आपल्याकडे ती घेतो कोण? "जुना माणूस आहे, राहू दे" म्हणत पंचवीस वर्षं निघून जातात.

करार लेखी आणि नोंदणीकृत करणं ही याच कायद्याने मालकावर टाकलेली जबाबदारी आहे. करार नसेल तर उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट दाद मागायची सोय राहत्या घरासाठी आहे, दुकानासाठी नाही. दुकानवाला उठला नाही तर दिवाणी कोर्टाची पायरी आलीच.

उलट बाजूही आहे. बँका, सरकारी कंपन्या आणि १ कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना हा कायदा संरक्षण देत नाही. त्यामुळे वरच्या मजल्यावर बँकेची शाखा असेल आणि तिचा नोंदणीकृत करार सात-आठ वर्षं शिल्लक असेल, तर इमारतीत गुंतवणूकदाराला सर्वात आवडणारी गोष्ट तीच. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी "इमारत मोकळी दिसावी" म्हणून नेमका तोच भाडेकरू आधी घालवला.

पोटभाडेकरूंचंही बघा. कराराला नाव एकाचं, पाटीवर दुसऱ्याचं आणि गल्ल्यावर तिसराच, हे पेठेत नवीन नाही. घेणारा इमारत बघायला येतो तेव्हा पाट्यांचे फोटो काढून नेतो.

पुराची रेघ रंगवली

याची मला अजून लाज वाटते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तिथली इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. हरभट रोड, मारुती चौक, गणपती पेठ सगळं पाण्यात. आमच्या जिन्यात त्या पाण्याची तपकिरी रेघ उरली होती. विक्रीआधी रंगकाम काढलं आणि ती रेघ गेली. पुण्याचे एक गृहस्थ आले, सगळं बघितलं आणि जाता जाता कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारलं, "पाणी कुठवर होतं?" चहावाल्याने छातीला हात लावून दाखवलं. आम्ही सांगितलं होतं, "उंबऱ्यापर्यंत." त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

सांगलीचा पूर लपवायची गोष्टच नाही. २००५, २०१९, २०२१ ही सालं राज्यभर ठाऊक आहेत. घेणाऱ्याला पुराची भीती असतेच, पण मालक खोटं बोलतो याची त्याहून जास्त असते. त्यापेक्षा एक पानभर माहिती द्या. कोणत्या वर्षी कोणत्या गाळ्यात किती फूट पाणी होतं, किती दिवस राहिलं, नंतर जोतं किंवा वीजमीटर उंचावर घेतले का, विमा आहे का, त्या महिन्यांत भाडं किती माफ केलं. पूर ओसरल्यावर तेच भाडेकरू त्याच गाळ्यात परत आले असतील तर तेही लिहा. यासारखी शिफारस दुसरी नाही.

जागा निळ्या पूररेषेच्या आत (नदीलगत, बांधकामावर जास्त बंधनं) आहे की निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये (त्यापलीकडे, बंधनं थोडी कमी), हे महापालिकेच्या नगररचना विभागातून आधीच लेखी घ्या. पाडून बांधणाऱ्याचा सगळा हिशोब त्यावर उभा राहतो. जोतं किती उंच ठेवावं लागेल हे त्याला कळलं, की तळमजल्याच्या दुकानांची किंमत तो वेगळी मांडतो. शहराच्याच विश्रामबाग भागातल्या दराशी पेठेचा दर लावून भांडण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

बहिणी "नको" म्हणाल्या होत्या

तोंडी "नको"ला दुय्यम निबंधकाकडे किंमत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क २००५च्या दुरुस्तीने जन्मतः मुलाइतकाच झाला. वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा एक तर सगळ्या वारसांनी खरेदीखतावर सह्या करायच्या, नाहीतर आधी हक्कसोडपत्र नोंदवायचं. हे सौदा ठरायच्या आधी करा. आकडा कानावर पडल्यावर "नको"चं "बघू" होतं, आणि त्यात कुणाची चूक आहे असंही मला वाटत नाही.

सिटी सर्व्हेच्या हद्दीत सातबारा घेऊन फिरू नका, मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) काढा. त्यावर आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंद करून घ्या. सत्ताप्रकाराच्या रकान्यात 'ब' दिसला तर भाव सांगायच्या आधी वकील गाठा, कारण तिथे शासनाच्या अटी आणि परवानगीचा प्रश्न येतो. महापालिका १९९८ची आहे. त्याआधीच्या इमारतींचे नकाशे नगरपालिकेच्या काळातले, आणि ते शोधायला वेळ लागतो. मंजूर नकाशात नसलेला पोटमाळा आणि गच्चीवरचा पत्रा यांचे पैसे मिळतील हे डोक्यातून काढा.

करसल्लागाराकडे शेवटी गेलो

रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी मूल्यदराचा आकडा सौद्याच्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल, तर आयकर रेडी रेकनरच्याच आकड्यावर मोजला जातो. भाडेकरूंनी भरलेल्या इमारतीत हे सहज घडतं. अशा मिळकतीच्या मूल्यांकनाला वेगळे नियम आहेत, ते दुय्यम निबंधकाकडे आधी लावून घ्या. २००१ च्या आधीची मिळकत असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून ठेवा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीला निवासी व्यक्ती आणि अविभक्त कुटुंब यांना दोन पर्याय आहेत: नफ्यावर महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के कर, किंवा लावून २० टक्के. दोन्ही मांडून बघा. इमारतीवर धंद्याच्या हिशोबात घसारा (झिजेपोटी दरवर्षीची वजावट) घेतला असेल तर गणित पूर्ण बदलतं, हे सल्लागाराला आपणहून सांगा.

रोखीचं विचारूच नका. स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो.

सौदा अडला तर

घेणाऱ्याच्या बँकेने मूल्यांकन कमी काढलं, तर बहुतेक वेळा क्षेत्रफळाचा घोळ असतो. नोंदणीकृत भाडेकरार आणि मंजूर नकाशाची प्रत मूल्यांककाच्या हातात स्वतः नेऊन द्या. जाहीर नोटिशीवर कुणाची हरकत आली तर चिडून फोन करू नका, वकिलामार्फत कागद मागवा. एखादा वारस परदेशात असेल तर त्याच्या हिश्श्यावर नेहमीची १ टक्का नव्हे, बरीच जास्त करकपात (टीडीएस) होते. कमी कपातीचा दाखला त्याने विसाराबरोबरच मागायला घ्यावा, खरेदीखताच्या आठवड्यात नाही.

खरेदीखत झाल्यावर त्याच दिवशी प्रत्येक गाळेधारकाला "यापुढे भाडं यांना द्यावं" असं सहीचं पत्र द्या आणि पोच घ्या. जिन्यातल्या दिव्याचा मीटरही नव्या मालकाच्या नावावर करून घ्या. आमच्या आजोबांच्या नावाने ते बिल पुढे आठ महिने येत होतं, आणि भरत मी होतो.