बारा इंची गोधडी शिवताना या चुका टाळा

शिवणाच्या स्पर्धेत विषय मिळतो 'पाऊस' आणि माप १२ बाय १२ इंच. बहुतेकींना वाटतं, एवढासा तुकडा, एका बैठकीत उरकेल. पहिली चूक इथेच होते. अंथरायच्या गोधडीत अर्धा इंच इकडेतिकडे झाला तरी कुणी विचारत नाही. बारा इंचांत मात्र तो लपवायला जागाच नसते.

समजा, मधला चौकोन ६ बाय ६ ठिगळांचा आहे आणि प्रत्येक ठिगळ शिवून दीड इंचाचं हवंय. दोन्हीकडे पाव इंच शिवण धरून ते २ इंचांचं कापायचं. एका ओळीत पाच शिवणी येतात. शिवण फक्त अर्धा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त आत गेली तरी दोन्ही कापडांचं मिळून एक सूत जातं, म्हणजे पूर्ण ओळीत पाच सूत. ९ इंचांची ओळ साडेआठही भरत नाही, मग भोवतीची पट्टी बसत नाही आणि ओढून बसवली की कोपरे वाकतात.

मशीनच्या दाबपट्टीची (सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या पायाची) कड म्हणजे पाव इंच, हे गृहीत धरू नका. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवा, इस्त्री करा आणि मधली मोजा. बरोबर १ इंच भरली तर शिवण पाव इंचाची आहे. कमी भरली तर सुई कापडाच्या कडेकडे सरकवा किंवा मशीनच्या पत्र्यावर योग्य जागी चिकटपट्टी लावून तिला धरून शिवा. हे करायला दहा मिनिटं लागतात आणि अख्खं काम वाचतं.

इस्त्री घासू नका, ठेवा आणि उचला. तिरकं कापलेलं कापड घासलं की ताणतं, आणि पावसाच्या चित्रात तिरके तुकडे येणारच.

विषय पाऊस म्हणून छत्री, ढग, बेडूक, कागदी होडी सगळं एकाच चौकोनात कोंबू नये. परीक्षकांना छत्री शंभर वेळा दिसलेली असते. माझं मत विचाराल तर करड्या-निळ्या ठिगळांवर तिरके धावदोरे घाला आणि एकच ठिगळ पिवळं ठेवा. विषय टाक्यांतून दिसतो, चित्र चिकटवावं लागत नाही.

ते तिरके टाके घालताना सुरकुत्या पडत असतील तर दोष बहुधा कच्च्या टाचणीचा असतो. वरची ठिगळं, मधलं भरण आणि खालचं अस्तर हे तिन्ही थर चार चार बोटांवर कच्चे टाचून घ्या आणि मधून बाहेर शिवत जा. मशीनवर टाक्याची लांबी ३ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, सुई ९० नंबरची. आत फुगीर पॉलिस्टर भरलं तर गोधडीची उशी होते. जुनी धुतलेली सुती चादर किंवा फलालीन पुरतं. अस्तर आणि भरण चारी बाजूंनी दोन दोन इंच मोठं घ्या, कारण टाके पडले की तुकडा आक्रसतो. म्हणून १२ इंचांना छाटायचं ते सगळ्यात शेवटी.

रंगाचीही खात्री करून घ्या. गडद लाल किंवा निळीचं कापड ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहा. फडकं रंगलं तर आधी धुवा. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाच्या खुणांवर इस्त्री फिरवू नका, खूण पक्की बसते. इस्त्रीने उडणाऱ्या पेनाची तऱ्हा उलटी, थंडीत खुणा परत उमटतात.

गोटासाठी, म्हणजे कडा झाकणाऱ्या पट्टीसाठी, सव्वादोन इंच रुंद, ५८ इंच लांब पट्टी धरा. जोड तिरका घ्या, सरळ जोडाची गाठ बोटाला लागते. कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे थांबा, पट्टी वर दुमडा, मग खाली आणा. भिंतीवर टांगायची असेल तर काठी घालायची मागची नळी गोटाबरोबरच शिवून टाका. नंतर हाताने लावायला गेलं की एखादा टाका पुढे दिसतोच.