गेममधील डायमंड आणि यूसीवरचा अनावर खर्च : या चुका टाळा

ऑनलाइन गेममध्ये पैसे नेमके केव्हा जातात, याविषयी बहुतेकांचा समज चुकीचा असतो. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या गेममध्ये यूसी ही गेममधील नाणी देऊन क्रेट (आत काय निघेल ते नशिबावर असलेली पेटी) उघडला किंवा फ्री फायर मॅक्स या गेममध्ये डायमंड ही तशीच नाणी देऊन एखादी स्किन (पात्राचा किंवा शस्त्राचा नवा वेश) घेतली, तर त्या क्षणी खिशातून काहीच जात नाही. जे जायचे ते टॉप-अप करताना, म्हणजे रुपये भरून ती नाणी घेताना, आधीच गेलेले असते. म्हणून ‘आता एकही क्रेट उघडणार नाही’ असा निश्चय फार दिवस टिकत नाही. खात्यात नाणी पडून असली की ती वापरली जाणारच. आवर घालायचा असेल तर तो रुपयाचे नाणे होते त्या ठिकाणी घालावा लागतो, आणि खालच्या बहुतेक चुका हे ठिकाण न ओळखल्यामुळे होतात.

नाण्यांत हिशेब करणे

समजा, एखाद्या गेममध्ये ८९ रुपयांना ६० नाणी मिळतात आणि हवी असलेली वस्तू १०० नाण्यांची आहे. सरळ दराने तिची किंमत सुमारे १४८ रुपये होते. पण १०० नाण्यांचा पॅक मिळतच नाही, म्हणून दोन पॅक घ्यावे लागतात आणि १७८ रुपये जातात. उरलेल्या २० नाण्यांत दुकानातली कोणतीही वस्तू येत नाही, परंतु ती शिल्लक डोळ्यांसमोर राहते आणि पुढच्या वेळी ‘थोडीच तर कमी पडताहेत’ असे वाटायला लावते. पॅकचे आकडे आणि वस्तूंचे आकडे जुळत नाहीत, हा योगायोग नव्हे. युरोपीय संघातील ग्राहक-संरक्षण यंत्रणांनी मार्च २०२५ मध्ये गेममधील चलनाविषयी जी तत्त्वे जाहीर केली, त्यांत वस्तूची किंमत खऱ्या चलनात स्पष्ट दाखवावी आणि ग्राहकाला नको असलेली जादा नाणी घेण्यास भाग पाडू नये, या दोन अपेक्षा होत्या.

गेम जोवर हे आपणहून करत नाही, तोवर हिशेब खेळणाऱ्यानेच करावा. आपण प्रत्यक्षात जो पॅक घेतो त्याच्या दराने नाण्याचे रुपये काढावेत, शिल्लक नाणी शून्य धरावीत आणि वस्तूची किंमत पूर्ण पॅकच्या पटीतच मोजावी. मोठ्या पॅकवर मिळणारा बोनस हा या हिशेबातला सर्वांत फसवा भाग आहे, कारण दर कमी झाला तरी एकूण रक्कम वाढलेली असते. मंडईत मेथीच्या जुडीसाठी पाच रुपयांची घासाघीस करणारा माणूस इथे ‘चाळीस टक्के जादा’ वाचून चौपट रक्कम भरून मोकळा होतो.

घड्याळाकडे पाहून ठरवणे

इंदूरला भंवरकुआँ भागात कोचिंगसाठी राहणाऱ्या मुलांच्या खोल्यांत हे जवळून पाहायला मिळते. रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, पुस्तक उघडे असते, आणि पडद्यावर इव्हेंट (ठरावीक मुदतीपुरत्या खास वस्तू देणारा उपक्रम) संपायला अठ्ठावीस मिनिटे उरल्याचा लाल आकडा खाली खाली येत असतो. माझ्या भाच्याच्या खोलीवर अशाच वेळी मी विचारले, तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, “मामा, उद्या मिळणार नाही ना हे.” ती स्किन त्याला काल ठाऊकही नव्हती.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन मांडणीच्या १३ प्रकारांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. खोटी निकड निर्माण करणे हा त्यांपैकी एक प्रकार आहे. गेममधील प्रत्येक मुदत खोटी असते असे नाही. तरीही ‘चोवीस तास थांबा’ हा नेहमीचा सल्ला इथे लंगडा पडतो, कारण चोवीस तासांत इव्हेंटच संपलेला असतो आणि थांबणाऱ्याला आपले नुकसान झाले असे वाटते. त्यापेक्षा निर्णय मुदतीच्या आधी घ्यावा. गेमचा नवा सीझन (काही आठवड्यांचा टप्पा) सुरू होताना किंवा महिन्याच्या पहिल्या तारखेला, काय घ्यायचे आणि किती रुपयांपर्यंत, हे कागदावर लिहून ठेवावे. मध्येच अवतरलेली वस्तू त्या यादीत नसेल तर तिचा विचार पुढच्या यादीच्या वेळी करावा, मग ती तेव्हा उपलब्ध असो वा नसो.

‘आता लागेलच’ असे समजणे

नशिबाच्या क्रेटमध्ये आणि स्पिनमध्ये (नाणी देऊन फिरवायच्या नशिबाच्या चक्रात) सर्वाधिक पैसे जातात ते या समजुतीपायी, म्हणून येथे थोडे गणित करणे भाग आहे. एखादी वस्तू मिळण्याची शक्यता एक टक्का असेल, तर शंभर वेळा प्रयत्न केल्यावर ती मिळतेच असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात शंभर प्रयत्न करणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे ३७ जणांच्या हाती ती वस्तू एकदाही लागत नाही. प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र असेल, तर आधीचे नव्व्याण्णव फुकट गेले म्हणून शंभराव्याची शक्यता तसूभरही वाढत नाही. ‘इतके घातले आहेत, आता सोडणे मूर्खपणाचे’ हा विचार मनात आला की तिथेच थांबावे, कारण घातलेले पैसे सोडल्याने किंवा पुढे खेळल्याने परत येत नाहीत.

काही गेममध्ये मात्र ठरावीक प्रयत्नांनंतर वस्तूची हमी असते. गेन्शिन इम्पॅक्ट या गेममध्ये सर्वोच्च श्रेणीचे पात्र मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे आणि ९० व्या प्रयत्नाला त्या श्रेणीचे पात्र नक्की मिळते. तेही आपल्याला हवे तेच असेल याची पहिल्या खेपेला खात्री नसते. अशा ठिकाणी माझ्या मते एकच नियम धरावा: हमीपर्यंत पोचायला जो खर्च येतो, तीच त्या वस्तूची किंमत. ती किंमत रुपयांत लिहून पाहावी आणि परवडत नसेल तर पहिलाही स्पिन करू नये. लवकर लागले तर उत्तमच, पण त्या आशेवर अंदाजपत्रक बांधता येत नाही. ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये आपल्या ॲप स्टोअरवरील अशा खरेदीसाठी शक्यतेचे आकडे जाहीर करणे बंधनकारक केले, त्यामुळे ते आकडे गेममध्ये असतात. फक्त ते एखाद्या बारीक चिन्हामागे असतात आणि फारसे कोणी उघडून पाहत नाही. बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये पैसे घेऊन उघडल्या जाणाऱ्या अशा पेट्यांना जुगार ठरवले, एवढे सांगितले तरी या व्यवहाराचे स्वरूप ध्यानात यावे.

पैसे देण्याची वाट गुळगुळीत ठेवणे

यूपीआयमध्ये सहसा पिन टाकावा लागतो, हा छोटासा अडथळा खरे तर आपला मित्र आहे. आणि बरेच जण तो स्वतःच काढून टाकतात. कार्ड साठवून ठेवले जाते, खरेदीची पडताळणी बोटाच्या ठशावर ठेवली जाते, यूपीआय लाइटमध्ये (छोट्या रकमांसाठीच्या यूपीआय पाकिटात) रक्कम भरली जाते जिच्यासाठी पिन लागत नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीसाठी पडताळणी चालू करावी आणि ती ठशाऐवजी पासवर्डने ठेवावी, तोही नीट लांब. साठवलेले कार्ड काढावे. यूपीआय ॲपमधील ऑटोपेचा (ठरलेल्या दिवशी आपोआप पैसे कापण्याचा) विभाग उघडून तेथे गेमचा कोणता मासिक पास, म्हणजे दरमहाची सदस्यता, अजून चालू आहे ते पाहावे. खेळणे कधीच सोडलेल्या गेमचा हप्ता तेथे सापडणे मुळीच दुर्मीळ नाही.

प्ले स्टोअरमध्ये मासिक बजेट ठरवण्याची सोय आहे. तिच्यावर विसंबणे ही आणखी एक चूक, कारण ते बजेट फक्त सूचना देते, खरेदी अडवत नाही. खरी मर्यादा हवी असेल तर सर्व कार्डे व यूपीआय काढून केवळ गुगल प्लेच्या गिफ्ट कोडने (आधी विकत घेतलेल्या ठरावीक रकमेच्या कोडने) शिल्लक भरावी. मात्र कोड महिन्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी घ्यावा. यूपीआय ॲपमधून तो मध्यरात्रीही मिळत असल्यामुळे, दिवस ठरलेला नसेल तर ही युक्ती निरुपयोगी ठरते.

घरातील मुलांबाबत

इंदूरचे सुदामा नगर असो वा रामबाग, घराघरांत मुले आजीच्या किंवा आईच्या फोनवर खेळतात आणि तेथे आईचेच खाते चालू असते. मुलासाठी वेगळे खाते काढून गुगलच्या फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या ॲपमध्ये खरेदीला पालकांची मंजुरी लावणे हा पहिला उपाय. त्याची मर्यादाही जाणून घ्यावी: ही मंजुरी गुगल प्लेमार्फत होणाऱ्या खरेदीलाच लागू होते, बाहेरच्या टॉप-अप संकेतस्थळावर यूपीआयने भरलेल्या पैशांना नाही. त्यामुळे यूपीआय पिन मुलांना माहीत नसणे हेच शेवटी महत्त्वाचे. फोन हिसकावून घेतल्याने खर्च थांबतो असे मला वाटत नाही, तो फक्त मित्राच्या फोनवर सरकतो. खिशाला झेपेल अशी रक्कम महिन्याला रुपयांत मुलाच्या हाती द्यावी आणि तिचा हिशेब त्यालाच लिहू द्यावा.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाल्यापासून ‘हे सगळे आता बंद झाले आहे’ असे काही पालक समजतात. त्या कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. स्किन आणि पास विकणारी दुकाने चालूच आहेत.

स्वस्त डायमंडच्या मागे लागणे

अर्ध्या दरात टॉप-अप करून देणारा माणूस समाजमाध्यमांवर भेटला, तर पैसे, खाते किंवा दोन्ही जाण्याची तयारी ठेवावी. ओटीपी किंवा लॉगिन कोणालाही देऊ नये. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी.

पैसे गेल्यानंतर

गुगल प्लेवरील खरेदी ४८ तासांच्या आत असेल तर परताव्याची विनंती तेथेच करता येते. आयफोनवर ॲपलच्या ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ पानावरून ती करावी. विनंती करण्यापूर्वी घेतलेली नाणी खर्चू नयेत. परतावा मिळाल्यावर गेम ती परत घेतो आणि ती उरलेली नसल्यास शिल्लक उणे होऊ शकते किंवा खाते अडकू शकते. थेट बँकेकडे तक्रार करून पैसे उलटवण्याचा मार्ग सर्वांत शेवटी वापरावा. फोर्टनाइट हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने) आरोप केला होता की, अनधिकृत रकमेविरुद्ध कार्ड कंपनीकडे तक्रार करणाऱ्या ग्राहकांची खातीच कंपनीने बंद केली. डिसेंबर २०२२ मधील तडजोडीत कंपनीने ग्राहकांना परत देण्यासाठी २४.५ कोटी डॉलर मान्य केले. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार करताना व्यवहाराचा क्रमांक, तारीख आणि खरेदीच्या पडद्याचा स्क्रीनशॉट जवळ ठेवावा.