कारखान्यातील कामगाराने आपले वेतन, ओव्हरटाइम आणि नोकरीचे कागद कसे तपासावेत

भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता (कामगारांविषयीचे जुने कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) लागू झाल्या असून, कारखाने अधिनियम, १९४८, किमान वेतन अधिनियम, १९४८, वेतन प्रदान अधिनियम, १९३६ आणि औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ या परिचित कायद्यांची जागा आता त्यांनी घेतली आहे. कारखान्याच्या फलकावर किंवा जुन्या करारात अजूनही आधीच्या कायद्यांची नावे दिसतील, त्यामुळे गोंधळून जाण्याचे कारण नाही. कामगाराचा हक्क बहुतेक वेळा दोनतीन व्याख्यांवर आणि त्याच्या हातात असलेल्या कागदांवर ठरतो, म्हणून तपासणीची सुरुवात तिथूनच करावी.

पहिला कागद म्हणजे नियुक्तिपत्र. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० नुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. त्यात पद, कामाचे स्वरूप, वेतन, रुजू झाल्याची तारीख आणि नेमणूक कायम, मुदतीची की ठेकेदारामार्फत आहे, हे नीट वाचावे. पदनामाकडे विशेष लक्ष द्यावे. औद्योगिक संबंध संहितेनुसार पर्यवेक्षकाचे काम करून महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा अधिक वेतन घेणारी व्यक्ती ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही आणि छाटणीच्या भरपाईसारखी संरक्षणे तिला मिळत नाहीत. दिवसभर मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरला कागदावर ‘सुपरवायझर’ केले जाते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. मात्र न्यायालये पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम पाहतात, म्हणून उत्पादनाच्या नोंदी, कामवाटपाचे आदेश किंवा मशीनवरील नोंदवही यांपैकी जे मिळेल त्याची प्रत जपून ठेवावी.

दुसरा कागद पगारपत्रक. इथे सर्वांत महत्त्वाची व्याख्या ‘वेतन’ या शब्दाची आहे, कारण ओव्हरटाइम, ग्रॅच्युइटी आणि सुट्ट्यांचे पैसे तिच्यावरच मोजले जातात. मूळ वेतन, महागाई भत्ता आणि असल्यास प्रतिधारण भत्ता (काम नसलेल्या काळातही कामगाराला टिकवून ठेवण्यासाठी दिला जाणारा भत्ता) मिळून वेतन होते. घरभाडे, प्रवासभत्ता यांसारख्या रकमा त्यातून वगळल्या जातात, परंतु वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या तर वरची रक्कम वेतनातच धरावी लागते. समजा, एकूण मोबदला ३१,२०० रुपये आहे, मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ११,७०० रुपये आहेत आणि उरलेले १९,५०० रुपये वगळल्या जाणाऱ्या भत्त्यांचे आहेत. एकूण मोबदल्याचे निम्मे १५,६०० रुपये होतात. भत्ते त्याहून ३,९०० रुपयांनी जास्त आहेत, म्हणून ते ३,९०० रुपये वेतनात मिळवून कायद्याच्या दृष्टीने वेतन १५,६०० रुपये धरावे लागेल.

आता ओव्हरटाइमचा हिशेब करता येतो. व्यावसायिक सुरक्षा संहितेने दिवसाचे काम आठ तासांचे ठरवले आहे; मधली विश्रांती आणि विश्रांतीसह कामाचा एकूण कालावधी सरकार अधिसूचनेने ठरवते. ठरलेल्या वेळेपलीकडच्या कामाला नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट मोबदला द्यावा लागतो आणि असे काम कामगाराच्या संमतीशिवाय करून घेता येत नाही. वरच्या उदाहरणात १५,६०० रुपयांना प्रचलित पद्धतीप्रमाणे २६ दिवसांनी भागले की दिवसाचे ६०० आणि तासाचे ७५ रुपये येतात, म्हणजे ओव्हरटाइमचा दर तासाला १५० रुपये हवा. मालकाने केवळ ११,७०० रुपयांवर हिशेब केला तर तोच दर ११२ रुपये ५० पैसे भरतो, आणि महिन्याला २० तास ओव्हरटाइम झाला तर ७५० रुपये गुपचूप बुडतात. ‘ओटी’ची, म्हणजे ओव्हरटाइमची, रक्कम पगारपत्रकात वेगळी न दाखवता ‘विशेष भत्ता’ म्हणून दिली असेल, तर तासांचा हिशेब लेखी मागावा.

त्यासाठी कामगाराकडे स्वतःची नोंद असायलाच हवी. हजेरीच्या यंत्रावर अंगठा कधी उमटला याची माहिती कंपनीच्या संगणकात असते, कामगाराच्या खिशात नसते. साध्या वहीत रोजची पाळी, आत आणि बाहेर पडण्याची वेळ, साप्ताहिक सुट्टीला काम केले असल्यास बदली सुट्टी कधी मिळाली, एवढे लिहिले तरी पुरते. भरपगारी रजेसाठीही ही वही उपयोगी पडते, कारण कॅलेंडर वर्षात १८० दिवस काम झाले की दर २० दिवसांमागे एक दिवस रजा मिळते. पूर्वी ही अट २४० दिवसांची होती. कपातींची एकूण रक्कम वेतनाच्या निम्म्याहून जास्त असू शकत नाही. भविष्यनिर्वाह निधीची कपात होत असेल, तर ती खात्यात जमा होते का, हे पासबुकात पाहावे.

काम सुटण्याची वेळ येते तेव्हा शब्दांची किंमत सर्वाधिक असते. ले-ऑफमध्ये नोकरी टिकते, काम मात्र तात्पुरते मिळत नाही, आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या बिगरहंगामी कारखान्यात वर्षभराची सलग सेवा झालेल्यास मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. छाटणीत नोकरी जाते, मात्र वर्षभर सलग सेवा झालेल्यास कारणे देणारी एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. बडतर्फी गैरवर्तनासाठी असते आणि तिच्यापूर्वी चौकशी व्हावी लागते; त्या काळात निलंबन झाले तर पहिले ९० दिवस वेतनाच्या निम्मा निर्वाहभत्ता देय असतो. राजीनामा मात्र या सर्वांहून वेगळा आहे: स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्यास छाटणीची भरपाई नाही. म्हणूनच ‘हिशेब लवकर मिळेल, राजीनामा लिहून दे’ असे सांगितले जाते तेव्हा सही करण्यापूर्वी थांबावे, कोऱ्या कागदावर तर सही कधीच करू नये, आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत त्याच वेळी मागून घ्यावी. कोणत्याही मार्गाने नोकरी सुटली तरी वेतनाचा अंतिम हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवा. ग्रॅच्युइटीला तीस दिवसांची मुदत आहे.

ठेकेदाराच्या कामगारांनी गेटपासवर आणि पगारपत्रकावर कोणाचे नाव आहे हे पाहून ठेवावे, कारण ठेकेदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ज्या कारखान्यात काम चालते त्याच्या मालकावर, येते.

पैसे बुडाले असतील तर प्रथम मालकाला तारखेसह लेखी मागणी करून पोच घ्यावी. २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणे आवश्यक आहे, तिच्याकडेही अर्ज देता येतो. तरीही काही झाले नाही, तर वेतन संहितेखालील प्राधिकाऱ्याकडे कामगार स्वतः किंवा आपल्या नोंदणीकृत संघटनेमार्फत दावा दाखल करू शकतो, आणि त्यासाठी दावा उद्भवल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. येणे दिल्याचे सिद्ध करण्याचा भार अशा दाव्यात मालकावर असतो. अर्जाला पगारपत्रके, बँकेचा उतारा आणि तासांच्या वहीतील पाने जोडावीत आणि मागणीची रक्कम महिन्यागणिक मांडावी. ‘बरेच पैसे थकले आहेत’ एवढ्यावर कोणताही अधिकारी आदेश देऊ शकत नाही.