गवळाऊच्या भ्रूणासाठी गोठ्यातील गाय तयार करताना

भ्रूण प्रत्यारोपणात एका गाईचा भ्रूण दुसरीच्या गर्भाशयात वाढवतात. त्यातून जन्मणाऱ्या वासराचे आनुवंशिक गुण दाता गाय (जिच्यापासून भ्रूण मिळतो ती) आणि वळू यांचे असतात; प्रापक गाय, म्हणजे भ्रूण पोटात वाढवणारी गाय, गर्भाशय, चीक आणि दूध पुरवते. त्यामुळे वर्धा जिल्ह्यातील आर्वी-आष्टी-कारंजा पट्ट्यातील साध्या गावठी गाईच्या पोटीही गवळाऊ या देशी गोवंशाचे जातिवंत वासरू जन्मू शकते. भ्रूणनिर्मिती तज्ज्ञांकडे असते, प्रापक गाय मात्र पशुपालकाच्या हाती असते आणि माझ्या मते बरेचसे यश तिच्यावरच ठरते.

वारंवार उलटणारी (भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येणारी) गाय ‘नाहीतरी रिकामीच आहे’ म्हणून पुढे करू नये. वेत होऊन किमान दोन महिने झालेली, साधारण २१ दिवसांनी नियमित माजावर येणारी, आधीचे वेत विनासायास झालेली, ना रोड ना फार लठ्ठ अशी गाय निवडावी आणि सांसर्गिक गर्भपात व क्षयरोग यांची तपासणी आधीच करून घ्यावी. नुसत्या सोयाबीनच्या कुटारावर ती तयार होत नाही. हिरवा चारा, ढेप आणि खनिज मिश्रण काही आठवडे आधीपासून सुरू करावे व प्रत्यारोपणाच्या सुमारास आहारात एकाएकी बदल करू नये. जंतनाशक आणि लसीकरणही आधीच उरकावे.

सर्वांत काटेकोर काम म्हणजे माजाची नोंद. भ्रूण सुमारे सात दिवसांचा असतो, म्हणून प्रापक गाईच्या माजालाही तितकेच दिवस झालेले असावे लागतात आणि एखाद्या दिवसापेक्षा अधिक फरक चालत नाही. संप्रेरकांची इंजेक्शने देऊन माज जुळवला, तरी गाय दुसऱ्या जनावराला अंगावर चढू देते ती वेळ पहाटे व सायंकाळी निरखून लिहून ठेवावी, कारण उन्हाळ्यात मुका माज, म्हणजे ठळक लक्षणे न दिसणारा माज, सहज निसटतो. सातव्या दिवशी पशुवैद्यक बीजांडकोशावरील पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे तयार होणारी, गर्भ टिकवणारे संप्रेरक स्रवणारी गाठ) तपासतात आणि तो ज्या बाजूला असेल त्याच बाजूच्या गर्भाशयशृंगात (गर्भाशयाच्या शाखेत) भ्रूण सोडतात. पीतपिंड नीट नसेल, तर त्या गाईत भ्रूण सोडण्याचा आग्रह धरू नये.

विदर्भातील कडक उन्हाचा सर्वाधिक फटका फलनानंतरच्या पहिल्या काही दिवसांतील भ्रूणाला बसतो, तर सात दिवसांचा भ्रूण त्या मानाने तगतो. तरीही सोय असेल, तर हिवाळाच निवडावा. प्रत्यारोपणानंतर गाईला सावली व मुबलक पाणी द्यावे, वाहतूक टाळावी. दोन आठवड्यांच्या सुमारास गाय पुन्हा माजावर आली, तर ती बहुधा गाभण नाही. न आल्यास चार आठवड्यांनी सोनोग्राफी करून खात्री करावी.