कोर्टाने "बोलू नका" म्हणलंय? मग या चुका टाळा

सोलापुरात सात रस्त्यावर चहाच्या गाड्यापाशी कुठल्यापण केसचा निकाल कोर्टाच्या आधी लागतो, ते चालायचंच. पण हल्ली तोच निकाल व्हॉट्सॲपवर टाइप होतो आणि तिथं माणूस सापडतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "स्टे आलाय म्हणे" एवढ्यावर चालणं. अर्धे एकदम चिडीचूप, आणि अर्धे "आम्हाला कुठं नोटीस आली" म्हणत सुरूच. अहो आधी ऑर्डर वाचा ना. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये १६ अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतःचा ओळख नंबर) टाकला की तारखा दिसतात, अपलोड झाली असेल तर ऑर्डरपण दिसते, त्यात कोणाला मनाई आहे, कशाची आणि कधीपर्यंत एवढं बघा. "कोर्टात काय घडलं ते सांगू नका" आणि "वादीची बदनामी करू नका", ह्या दोन ऑर्डरींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि प्रतिवादीत "अशोक कुमार" दिसला तर हा कोण म्हणून हसू नका, ज्यांची नावं माहीत नाहीत अशा सगळ्यांसाठी ते नाव टाकतात, त्यात तुम्हीपण येऊ शकता. दिवाणी मनाई हुकूम मोडला तर मालमत्तेची जप्ती, शिवाय ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैदपण होऊ शकते.

दुसरी चूक, "नाव तर टाकलं नाही". लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये पेठ, वडिलांचा चादरीचा कारखाना, मुलीचं कॉलेज एवढं लिहिलं की अख्ख्या गल्लीला कळतं, राहिलं काय? इथं वेगळी ऑर्डर लागतच नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे, २ वर्षांपर्यंत शिक्षा.

इन कॅमेरा म्हणजे शूटिंग चालू आहे असं समजणारे पण भेटलेत मला. बंद दाराआड सुनावणी असते ती, आतलं बाहेर छापायचं नाही.

आता ऑर्डर तुमच्यावरच आली तर? रागाने आणखी एक पोस्ट टाकू नका, ती पुराव्यात लागते. एकतर्फी असेल तर वकिलाला सांगून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ नियम ४ खाली ती उठवायचा अर्ज टाका. बातम्या थांबवणाऱ्या ऑर्डरी थोड्या काळापुरत्याच आणि खटल्याला खरा धोका असेल तरच, हे सुप्रीम कोर्टाने २०१२ ला सहारा केसमध्ये सांगितलंय, तेपण वकिलाच्या कानावर घाला. हायकोर्टात जायची वेळ आलीच तर ऑगस्ट २०२५ पासून आपलं सर्किट बेंच (मुंबई हायकोर्टाचं मुंबईबाहेर बसणारं पीठ) कोल्हापूरला आहे, रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरून मुंबई गाठायची गरज नाही.