नवीन इंटरनेट कनेक्शन घेण्याआधीची तयारी

जाहिरातीतला वेगाचा, म्हणजे एमबीपीएसचा (सेकंदाला इतके मेगाबिट) आकडा तूर्त बाजूला ठेवा आणि घरात नेमकं काय चालतं ते आधी लिहून काढा. एकाच वेळी किती जण व्हिडिओ कॉलवर असतात, मोठ्या फाइल्स कोण पाठवतं, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग दिवसभर क्लाउडवर चढतं का. नुसतं बघणाऱ्यांच्या घराला फार लागत नाही; फोर-के सिनेमा २५ एमबीपीएसमध्ये आरामात चालतो. पाठवणाऱ्यांनी मात्र अपलोडचा आकडा वेगळा विचारावा, कारण जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो बहुधा डाउनलोडचा. आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो, ८ बिटांचा एक बाइट, म्हणून हिशोब करताना ८ ने भागायचं विसरू नका: १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, त्याहून जास्त नाही.

मग चौकशी करा की घरात प्रत्यक्ष काय येणार आहे. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. ‘फायबर’ म्हणणारे काही जण फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी काचेची तार, इमारतीच्या खालपर्यंतच आणतात आणि वरचा टप्पा तांब्याच्या तारेवर काढतात. तेव्हा थेट विचारा: काचेची तार माझ्या खोलीत येणार का? येणार असेल आणि परवडत असेल, तर पुढे फार डोकं खपवू नका, तेच घ्या. अर्थात फायबरही वाटून घेतलेलं असतं. जीपॉन या प्रचलित पद्धतीत सुमारे अडीच जीबीपीएसची (अडीच हजार एमबीपीएस) एक लाइन बऱ्याचदा ३२ घरांत विभागली जाते. तरी सगळे एकदम जोर लावत नाहीत म्हणून निभावतं.

टीव्हीच्या केबलवरून येणारं कनेक्शनही डाउनलोडला दणकट असतं, पण अपलोडला बहुतेक ठिकाणी चिंचोळं, आणि संध्याकाळी गल्लीतले सगळे ऑनलाइन आले की मंदावू शकतं. शेजाऱ्यांना रात्री ९ च्या सुमाराचा अनुभव विचारा, दुपारचा नको. टेलिफोनच्या तारेवरच्या डीएसएलमध्ये अंतर सगळं ठरवतं: एडीएसएल-२ प्लसची कमाल मर्यादा २४ एमबीपीएस, तीही टेलिफोन एक्सचेंज जवळ असेल तर. दुसरा पर्याय असेल तर तिकडे वळूच नका.

तार पोहोचतच नसेल तर फाइव्ह-जीचा डबा, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून घरात वाय-फाय देणारा राउटर. त्याची परीक्षा फुकटात होते: त्याच कंपनीचं सिम असलेला फोन, डबा जिथे ठेवणार त्याच खिडकीत धरून रात्री स्पीड टेस्ट करा. दोन पावलं मागे सरकल्यावर आकडा कोसळला, तर बाहेर अँटेना लागेल हे ओळखा. उपग्रहावरून येणारं इंटरनेट घेणार असाल तर उपग्रहाची उंची विचारा. ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहाला प्रश्न पाठवून उत्तर येईपर्यंत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो, कॉलवर दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहतात. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्यांना ही अडचण नाही. फक्त अँटेनाला मोकळं आकाश हवं, मध्ये झाड नको.

कागदावर सही करण्याआधी डेटाची मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो, राउटर कोणाच्या मालकीचा आणि मुदतीआधी सोडल्यास काय भरावं लागतं, हे लेखी घ्या. घरचा कॅमेरा किंवा सर्व्हर बाहेरून थेट उघडायचा असेल तर पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोहोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता) मिळतो का तेही.

आता घर. फायबर घरात जिथे संपतं त्या ओएनटी डब्याला (तो प्रकाशाचे संकेत राउटरला समजतील असे करतो) वीज लागते. तो आणि राउटर दोन्ही बॅकअपवर येतील असं प्लग-पॉइंट नक्की करा. भिंतीतली जुनी लॅन केबल बाहेर काढून तिच्या आवरणावरची बारीक छपाई वाचा: ‘कॅट ५ई’ किंवा पुढचं असेल तर गिगाबिट (हजार एमबीपीएस) मिळेल. राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतील तर ३०० चा प्लॅन केबलने जोडलेल्या यंत्रापर्यंत पोहोचणारच नाही.

जोडणीच्या दिवशी समोर उभे राहा. फायबर कोपऱ्यात काटकोनात दाबून खिळू देऊ नका. ओएनटीवरचा ‘एलओएस’चा दिवा लाल असेल तर प्रकाश पोहोचत नाहीये, जोडणी करणाऱ्या माणसाला तेव्हाच थांबवा. वेग लॅपटॉपला केबल लावूनच मोजा, वाय-फायवर नव्हे. जुनं कनेक्शन मात्र नव्यावर आठवडाभर काम करून पाहिल्यानंतरच बंद करा.