रास्टरपासून बहुभुज कसे तयार करावेत

रास्टर म्हणजे एकसारख्या चौकोनांची जाळी आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा. सीमा आखायची असेल किंवा दुसऱ्या नकाशाशी छेद घ्यायचा असेल, तर सहसा बहुभुज लागतात. 'आर' या सांख्यिकी प्रणालीतील 'टेरा' पॅकेजमध्ये 'ॲज डॉट पॉलिगन्स' हे फंक्शन ते एका ओळीत करून देते. मात्र ती ओळ लिहिण्यापूर्वीची तयारीच निकालाचा दर्जा ठरवते.

प्रथम 'रास्ट'ने फाइल उघडावी आणि 'सीआरएस'ने तिची निर्देशक प्रणाली, म्हणजे जमिनीवरील स्थान आकड्यांत मांडण्याची पद्धत, तपासावी.

यानंतर वर्गीकरण करावे, आणि ही पायरी कधीही गाळू नये. १००० × १००० चौकोनांच्या जाळीत प्रत्येक आकडा वेगळा असेल, तर १० लाख बहुभुज तयार होतात आणि संगणक अडखळतो. शिवाय हे फंक्शन, वेगळे सांगितले नाही तर, दशांश आकडे पूर्णांकात बदलून मगच समान आकड्यांचे चौकोन एकत्र जोडते. हिरवळ किती दाट आहे हे सांगणारा वनस्पती निर्देशांक –१ ते १ या मर्यादेत असतो, तेथे ०.१ची विरळ झुडपे आणि ०.४चे हिरवे शेत दोन्ही ० होऊन एकाच बहुभुजात जातात, आणि कोणतीही सूचना दिसत नाही. म्हणून 'क्लासिफाय' वापरून आपले वर्ग आपणच ठरवावेत: ०.२ पर्यंत १, ०.५ पर्यंत २, त्यापुढे ३. या फंक्शनमध्ये सीमेवरचा आकडा, वेगळे सांगितले नाही तर, खालच्या वर्गात जातो, हे ध्यानात ठेवावे.

वर्गीकरणानंतर सुटे ठिपके उरतात. 'सीव्ह'मध्ये उंबरठा ५ ठेवला, तर ५ चौकोनांहून लहान तुकडे शेजारच्या मोठ्या तुकड्यात विलीन होतात. चौकोन ३० मीटरचा असेल, तर ४,५०० चौरस मीटरहून लहान जागा नकाशातून जाते, तेव्हा हा आकडा विचारपूर्वक निवडावा.

आता 'ॲज डॉट पॉलिगन्स' चालवावे. एका वर्गाचे विखुरलेले सर्व तुकडे मिळून एकच नोंद तयार होते. ते सुटे हवे असल्यास 'डिसॲग' वापरावे. कडा पायऱ्यांसारख्या दिसतात, पण मोजणीसाठी त्या तशाच राहू द्याव्यात, कारण गुळगुळीत केल्यावर क्षेत्रफळ बदलते.

निर्देशक प्रणाली बदलायची असल्यास ती बहुभुज तयार झाल्यावरच बदलावी; रास्टर आधी बदलल्यास चौकोनांची फेरमांडणी होते. शेवटी 'एक्सपान्स'ने वर्गीकृत रास्टर आणि बहुभुज यांचे वर्गवार क्षेत्रफळ काढून ताडून पाहावे, आणि ते जुळल्यावरच 'राइटव्हेक्टर'ने जिओपॅकेज स्वरूपात फाइल जतन करावी.